सही परत घेता येते का?

एप्रिल २०२३. फ्रीमाँटमधलं आमचं टाऊनहाऊस आम्ही विकायला काढलं होतं. फेब्रुवारीत नोकरी गेली, एच-१बीवाल्याला नोकरी सुटल्यावर मिळतात ते ६० दिवस मोजायला सुरुवात झाली, आणि आठवड्याभरात आम्ही नवरा-बायकोने ठरवून टाकलं की बास झालं, पुण्याला परत. गाडी विकणे, मुलीचा शाळेचा दाखला, सामानाचा कंटेनर, अशी सगळी एक्सेल शीट तयार झाली (आम्ही लोक संकटातही आधी एक्सेल शीट बनवतो). त्यात पहिली ओळ होती ‘घर’.

एजंट ओळखीच्याच होत्या. मंडळाच्या गणपतीत मोदकांची सगळी जबाबदारी ज्यांच्याकडे असते त्या ताई. मार्चच्या सुरुवातीला त्या घरी आल्या, टॅबलेट पुढे केला, आणि मी बोटाने आठ-नऊ ठिकाणी सह्या केल्या. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ‘मला मान्य आहे’ वर टिचकी मारण्याआधी आपण जेवढं वाचतो, तेवढंच वाचलं. म्हणजे काहीच नाही.

पाचव्या आठवड्यात एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. व्हिसाचा अर्ज मुदतीच्या आत दाखल करू असंही त्यांनी सांगितलं. घरात अर्धा तास नुसता आनंदीआनंद. मग बायकोने विचारलं, “अरे, पण घराचं काय? ते तर विकायला काढलंय ना आपण?”

त्या रात्री पहिल्यांदा करार वाचला. मुदत सहा महिने. आणि मध्येच एक वाक्य, ज्याचा अर्थ असा: मुदतीच्या आत मालकाने ब्रोकरच्या लेखी संमतीशिवाय घर विक्रीतून मागे घेतलं, भाड्याने दिलं किंवा दुसऱ्या कुणाला दिलं, तर ठरलेलं पूर्ण कमिशन द्यावं लागेल. घराची मागितलेली किंमत ११ लाख डॉलर, कमिशन ५ टक्के. गुणाकार करायला इंजिनिअर असावं लागत नाही. ५५ हजार डॉलर! कशाबद्दल? तर माझंच घर माझ्याकडेच ठेवण्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. त्यांना हे पटेचना. “अरे, दलालाला कसले पैसे? व्यवहार झाला तर दोन टक्के, नाही झाला तर चहा,” असं त्यांचं सोपं गणित. आमचा कोथरूडचा जुना फ्लॅट विकताना त्यांनी चार दलालांना सांगितलं होतं, किल्ली वॉचमनकडे होती, आणि कागदावर कुणाशीच काही नव्हतं. मध्येच त्यांचं मन बदललं असतं तर? “वॉचमनकडून किल्ली परत घेतली असती, दुसरं काय!”

मला हे तेव्हा निव्वळ पुणेरी अज्ञान वाटलं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की बाबा ज्याला व्यवहारज्ञान म्हणतात तोच अमेरिकेतलासुद्धा जुना कायदा होता. दलालाला ‘नको’ म्हणायला पूर्वी जवळजवळ काहीच खर्च येत नव्हता. आज येतो. तो कधीपासून आणि का यायला लागला, हे शोधण्यात माझे पुढचे कित्येक शनिवार-रविवार गेले. त्याचीच ही गोष्ट.

दोन जहाजं आणि एक मृत्यू

सुरुवात घरापासून नाही, जहाजांपासून करावी लागते. ऱ्होड आयलंडमधल्या रूस्मानिए नावाच्या माणसाने हंट नावाच्या माणसाकडून कर्ज घेतलं. तारण म्हणून जहाजं गहाण ठेवण्याऐवजी त्याने मुखत्यारपत्र लिहून दिलं: कर्ज फेडलं नाही तर माझा जहाजांमधला हिस्सा तू माझ्या वतीने विक. १८२० मध्ये रूस्मानिए वारला, कर्ज तसंच राहिलं. हंट म्हणाला, मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, मी विकतो. वारस म्हणाले, माणूसच गेला, आता कसली मुखत्यारी?

१८२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निवाडा लिहिला. त्याचं सार असं की मुखत्यार हा मालकाच्या नावाने, मालकाच्या मर्जीने काम करतो. म्हणून मालक ती मुखत्यारी काढून घेऊ शकतो, आणि मालक मेला की ती आपोआप संपते. अपवाद एकच. ज्या वस्तूबद्दल मुखत्यारी आहे त्या वस्तूतच मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर मात्र ती काढून घेता येत नाही.

आता घराच्या दलालाचं बघा. त्याचा हितसंबंध घरात नसतो, तो असतो घर विकल्यावर मिळणाऱ्या कमिशनमध्ये. कोर्टांनी हा फरक पुढे वारंवार सांगितला. म्हणजे तत्त्वतः दलालाची मुखत्यारी मालक केव्हाही संपवू शकतो. कोणतंही कोर्ट सहसा तुम्हाला ‘याच दलालामार्फत घर विका’ असं सांगायला येत नाही.

हे वाचून मी खूश झालो. फार काळ नाही.

रुळांचा दलाल

पुढची पायरी १८८१ ची, न्यूयॉर्कची. सिबाल्ड विरुद्ध बेथलेहेम आयर्न कंपनी. इथेही घर नाहीच, पोलादी रूळ आहेत. सिबाल्ड हा दलाल, आणि कॅनडाच्या ग्रँड ट्रंक रेल्वेला कंपनीचे रूळ विकून द्यायचे अशी त्याची खटपट. कमिशनवरून भांडण कोर्टात गेलं, आणि न्यूयॉर्कच्या सर्वात वरच्या कोर्टाने जे लिहिलं ते पुढची कित्येक वर्षं घरांच्या दलालीच्या खटल्यांत उद्धृत होत राहिलं.

कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: दलाल कितीही झिजला, वेळ घातला, पदरचे पैसे घातले, तरी सौदा जमला नाही तर त्याला काही मिळत नाही. आपले श्रम त्याने यशावर पणाला लावलेले असतात. यश नाही तर श्रम गेले. मुदत ठरलेली नसेल तर मालक त्याला केव्हाही थांबवू शकतो. फक्त हे प्रामाणिकपणे करायला हवं. दलालाने सौदा अगदी काठावर आणून ठेवलाय, आणि नेमकं त्या क्षणी कमिशन वाचवायला मालकाने ‘तू जा’ म्हणून उरलेलं काम स्वतः उरकलं, तर ते चालणार नाही.

माझ्या बाबांचा ‘नाही झाला तर चहा’ हा नियम मला इथे जसाच्या तसा सापडला. :-)

पण जरा दलालाच्या बाजूने उभं राहून बघा. दहा गिऱ्हाइकं आणली, नऊ फुकट गेली, दहावं आलं तेव्हा मालकाचा मेहुणा मध्ये पडला आणि घर त्यानेच घेतलं. दलालाच्या हातात काय? शिवाय एकाच घरासाठी पाच दलाल पळणार, आणि पैसे एकाला मिळणार. मग कोणता दलाल जाहिरातीवर स्वतःचे पैसे घालेल? आणि दोन दलालांनी ‘हे गिऱ्हाईक मीच आणलं’ म्हटलं की मालकालाच डोकेदुखी. खरेदीचं खरं कारण कोण ठरलं, या एका प्रश्नावर अमेरिकन कोर्टांत निकालांचा ढीग साचला आहे.

थोडक्यात, न झालेल्या सौद्याचा खर्च कुणीतरी सोसायचाच असतो. जुन्या कायद्यात तो पूर्णपणे दलाल सोसत होता. पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा खर्च टेबलाच्या पलीकडे, मालकाकडे सरकवण्याचा इतिहास आहे.

कागद आला

१९०८ मध्ये शिकागोत ठिकठिकाणच्या दलालांच्या संघटना एकत्र आल्या आणि त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आजच्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’चा हा जन्म. १९१३ मध्ये त्यांनी आचारसंहिता केली. १९१६ मध्ये मिनियापोलिसच्या चार्ल्स चॅडबोर्न यांनी ‘रिअल्टर’ हा शब्द घडवला, म्हणजे रस्त्यावरच्या सोम्यागोम्या दलालापेक्षा आपण वेगळे हे लोकांना कळावं. याच काळात ‘मल्टिपल लिस्टिंग’ची कल्पना पसरत गेली: माझ्याकडचं घर मी तुम्हा सगळ्यांना सांगतो, तुमच्यापैकी कुणी गिऱ्हाईक आणलं तर कमिशन वाटून घेऊ.

आता या वाटावाटीसाठी आधी माझं कमिशन पक्कं असायला हवं ना? मालक उद्या सहज ‘नको’ म्हणू शकत असेल, तर मी वाटणार काय? म्हणून कागद घट्ट होत गेला. आज त्याचे तीन मुख्य प्रकार दिसतात.

पहिला ‘ओपन लिस्टिंग’. बाबांची कोथरूड पद्धत. कितीही दलाल, जो सौदा जमवेल त्याला पैसे, मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणलं तर कुणालाच नाही.

दुसरा ‘एक्स्क्लूझिव्ह एजन्सी’. दलाल एकच. पण मालकाने स्वतःच्या ओळखीत घर विकलं तर कमिशन नाही.

तिसरा ‘एक्स्क्लूझिव्ह राईट टू सेल’. मुदतीत घर कुणीही विको, मालक, मेहुणा, शेजारी, कमिशन त्या ब्रोकरचंच. आज अमेरिकेत घर विकताना सहसा याच कागदावर सही होते. माझी सहीसुद्धा त्याच्यावरच होती.

या तिसऱ्या प्रकारात सिबाल्डच्या निकालातली पळवाट बुजली. तिथे ‘मुदत ठरलेली नसेल तर’ असं होतं. इथे मुदत छापलेलीच असते. आणि इथेच वकिलांचा तो बारीक भेद कामाला येतो, जो समजायला मला दोन रविवार लागले. करार मोडण्याची ताकद वेगळी आणि फुकटात मोडण्याचा हक्क वेगळा. ताकद मालकाकडे राहतेच, मार्शल सांगून गेले तशी. ‘उद्यापासून माझं घर दाखवू नका’ हे तुम्ही केव्हाही सांगू शकता, आणि ब्रोकरला ते ऐकावं लागतं. पण मुदतीआधी सांगितलंत तर त्याची किंमत काय, हे कागद ठरवतो.

आमच्या भाषेत, प्रोग्रॅम कधीही बंद पाडता येतो. त्यानंतर काय काय सांडतं ते आधी लिहून ठेवलेलं असतं.

पाम स्प्रिंग्सचं घर

कॅलिफोर्नियात मागे घेण्याची ही अट जुनी आहे. १९०० मध्येच इथल्या सुप्रीम कोर्टाने किमेल विरुद्ध स्केली या खटल्यात अशा तऱ्हेची अट ग्राह्य धरली होती. पण मला माझा खटला वाटला तो १९७४ चा, ब्लँक विरुद्ध बोर्डेन.

१९७० साली पाम स्प्रिंग्समधलं सुट्टीचं घर विकण्यासाठी मालकिणीने एका ब्रोकरला सात महिन्यांचा एक्स्क्लूझिव्ह करार दिला. किंमत ८५ हजार डॉलर, कमिशन ६ टक्के. मुदत संपायच्या आतच तिने घर विक्रीतून काढून घेतलं. ब्रोकरने पूर्ण कमिशन मागितलं. मालकिणीचा युक्तिवाद आपल्या कुणालाही सुचेल असाच: घर विकलं गेलेलं नाही, ब्रोकरचं एवढं नुकसानही झालेलं नाही, मग ही रक्कम म्हणजे निव्वळ दंड. आणि करारातला दंड कायद्याने वसूल करता येत नाही.

कोर्टाने ब्रोकरच्या बाजूने निकाल दिला. एकमताने नाही, पण दिला. कारण मोठं मजेशीर आहे. कोर्ट म्हणालं, हा दंड नाहीच, हा पर्याय आहे. मालकिणीपुढे दोन वाटा होत्या. एक, मुदत संपेपर्यंत घर बाजारात राहू द्यायचं, मग कदाचित विकलं जाईल आणि कमिशन द्यावं लागेल, कदाचित विकलं जाणार नाही आणि काहीच द्यावं लागणार नाही. दुसरी, ठरलेली रक्कम द्यायची आणि घर आत्ताच्या आत्ता मोकळं करून घ्यायचं. तिने दुसरी वाट निवडली, तर तिचे पैसे द्यावेत.

रात्री साडेबाराला स्वयंपाकघरात बसून मी हे वाचत होतो तेव्हा मला ‘पर्याय’ या शब्दाचं हसू आलं आणि रागही आला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तर्क कळला. आणि त्यातूनच माझ्यापुढची पहिली वाट दिसली: करार मोडायचाच नाही. उरलेले साडेचार महिने घर बाजारात ठेवायचं आणि कुणी येऊ नये अशी प्रार्थना करायची.

त्यातही गोम होती. करारात असंही होतं की आम्ही मागितलेल्या किमतीला आणि अटींना तयार असलेला, ऐपत असलेला ग्राहक ब्रोकरने आणला, की कमिशन लागू. आम्ही त्याला घर विको अगर न विको. हा नियमसुद्धा जुना. न्यू जर्सीच्या कोर्टाने १९६७ मध्ये एल्सवर्थ डॉब्स विरुद्ध जॉन्सन या निकालात तो बदलला, आणि साधारणपणे व्यवहार प्रत्यक्ष पूर्ण झाला तरच कमिशन असं ठरवलं. खरेदीदारच ऐनवेळी मागे फिरला तर त्याचा भुर्दंड विकणाऱ्याला का, असा तिथला प्रश्न होता. पण विकणाराच कारण नसताना आडवा आला, तर डॉब्सच्या निकालातसुद्धा त्याची सुटका नाही.

आणि आमच्याकडे त्या रविवारी ओपन हाऊस होतं. एक जोडपं दुसऱ्यांदा बघायला येणार होतं. बायको म्हणाली, “बाथरूमचा नळ गळका ठेवू या का?” आम्ही दोघं खूप हसलो. मग गप्प बसलो. कारण अजून चार दिवस होते, आणि त्या चार दिवसांत ताईंशी बोलायला हवं होतं.

ताईंचा चहा

फोनवर बोलणं प्रशस्त वाटेना, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. डोक्यात मार्शलपासून पाम स्प्रिंग्सपर्यंत सगळी तयारी. त्यांनी चहा ठेवला. मी ऑफर लेटरचं सांगितलं.

“अरे वा! मग पुण्याला जात नाही तुम्ही?” त्यांचा चेहरा खरंच खुलला. मग लगेच त्यांच्या लक्षात आलं. “म्हणजे घर काढून घ्यायचंय.”

“हो ताई. पण करारात ते कलम आहे...”

“कलम आहेच. पण एक लक्षात घे, तुझा करार माझ्याशी नाहीये. माझ्या ब्रोकरशी आहे. मी फक्त त्यांच्या वतीने सही घेतली. मी कितीही हो म्हटलं तरी त्यांची लेखी संमती लागेल.”

हे मला माहीतच नव्हतं! एवढं वाचून मी नेमका हाच मुद्दा सोडला होता. एजंट ज्या ब्रोकरच्या परवान्याखाली काम करतो, करार त्या ब्रोकरचा असतो. म्हणून एजंट आवडला नाही तर करार मोडण्याआधी ब्रोकरकडे दुसरा एजंट मागता येतो. आणि म्हणूनच एजंट दुसऱ्या कंपनीत गेला तरी तुमचं घर आपोआप त्याच्याबरोबर जात नाही.

मी जरा धीर करून म्हटलं, “ताई, तुमचा यात किती खर्च झाला?”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “फोटो, ड्रोनचा व्हिडिओ, स्टेजिंगचं फर्निचर. अडतीसशेच्या आसपास. आणि माझे पाच शनिवार-रविवार, ते सोड. २०१० मध्ये एका कुटुंबाला मी आठ महिने घरं दाखवत फिरले होते. माझं पेट्रोल, माझा वेळ. शेवटी ते टेक्ससला निघून गेले. एक डॉलर मिळाला नाही. या धंद्यात असंच असतं रे. लोकांना फक्त पाच टक्के दिसतात.”

सिबाल्डच्या निकालातलं ते वाक्य, श्रम यशावर पणाला लावलेले असतात, माझ्यापुढे चहाचा कप घेऊन बसलं होतं. मी मनात तयार केलेली वकिली तिथेच विरून गेली.

त्यांनी सोमवारी ब्रोकरशी बोलायचं कबूल केलं आणि रविवारचं ओपन हाऊस रद्द केलं. त्या जोडप्याला स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. जाताना मला म्हणाल्या, “आणि हे बघ, यादीत ‘विथड्रॉन’ झालं म्हणून सुटलो असं समजू नकोस. ‘कॅन्सल्ड’ झालं पाहिजे.”

हा फरक सोन्याचा. विथड्रॉन म्हणजे घर बाजारातून तात्पुरतं बाजूला काढलं, पण करार जिवंत आहे. कॅन्सल्ड म्हणजे करारच संपला. थांबवलेला प्रोसेस आणि मारलेला प्रोसेस यांत जेवढा फरक, तेवढाच.

पुढच्या बुधवारी एका पानाचा कागद आला. दोन्ही बाजूंच्या संमतीने करार रद्द. अटी दोन. आम्ही फोटो आणि स्टेजिंगचा खर्च भरून द्यायचा, आणि मूळ सहा महिन्यांच्या आत पुन्हा विकायचं ठरवलं तर त्याच ब्रोकरकडे यायचं. सोबत ज्यांनी घर पाहिलं त्यांची नावं. त्यांच्यापैकी कुणाला ठराविक दिवसांत आम्ही परस्पर घर विकलं तर कमिशन लागू. ही नावांची यादीसुद्धा सिबाल्डचीच नात: काठावर आलेला सौदा दलालाला बाजूला सारून उरकू नका. फक्त ‘प्रामाणिकपणा’ या शब्दाच्या जागी आता नावं आणि तारखा आल्या.

मी सही केली. या वेळी सगळं वाचून. ५५ हजारांच्या जागी ३,८०० डॉलर गेले, आणि ते जाताना मला वाईट वाटलं नाही.

चाळीस वर्षांची सही

माझी गोष्ट चांगल्या माणसांमुळे निभावली. सगळ्यांची तशी निभावत नाही, आणि कागद घट्ट करत नेला की तो कुठपर्यंत जाऊ शकतो याचं उदाहरण त्याच सुमाराला बातम्यांत होतं.

फ्लोरिडातली एमव्ही रिअल्टी ही कंपनी घरमालकांना काही रोख रक्कम देत असे, ३०० डॉलरपासून साधारण ५,००० डॉलरपर्यंत. बदल्यात मालकाने लिहून द्यायचं की कधी घर विकलं तर तुमच्यामार्फतच विकू. वरवर बघता निरुपद्रवी. पण कराराची मुदत होती ४० वर्षं! मध्येच बाहेर पडायचं तर घराच्या किमतीच्या ३ टक्के. शिवाय या कराराची नोंद सरकारी दप्तरात, त्यामुळे कर्ज बदलून घ्यायला किंवा घर विकायला गेलं की ती आडवी येणार. मालक वारला तर करार वारसांच्या गळ्यात.

इथे दोनशे वर्षांचं चक्र उलटं फिरलेलं दिसतं. रूस्मानिए मेला तेव्हा हंटची मुखत्यारी त्याच्याबरोबर संपली होती. इथे मालक मेला तरी दलालाचा कागद जिवंत. मार्शलनी अपवाद म्हणून ठेवलेला दरवाजा, वस्तूतच हितसंबंध, तो सरकारी नोंदीच्या वाटेने मागून उघडायचा हा प्रयत्न होता, असं मला वाटतं.

२०२२ च्या अखेरीस फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलनी कंपनीवर खटले भरले, मागोमाग इतर राज्यं आली. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अनेक राज्यांनी अशा करारांविरुद्ध कायदे केले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून राहत्या घराचा एक्स्क्लूझिव्ह करार २४ महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही आणि त्याची सरकारी दप्तरात नोंदही करता येत नाही. मुदत संपण्याची नेमकी तारीख हवी हा नियम तर आधीपासूनच होता.

म्हणजे काटा पुन्हा थोडा मालकाकडे झुकला. तो असाच हलत आलाय.

आणि आपल्याकडे?

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आपल्याकडे असलं काही नाही.” म्हणून तेही बघितलं. आहे की! १८७२ चा भारतीय करार कायदा, म्हणजे सिबाल्डच्या निकालाच्या नऊ वर्षं आधीचा. कलम २०१: मालक एजन्सी रद्द करू शकतो. कलम २०२: एजंटाचा त्या वस्तूतच हितसंबंध असेल तर त्याचं नुकसान होईल अशी ती रद्द करता येत नाही, म्हणजे हंट-रूस्मानिएचाच अपवाद. कलम २०५: एजन्सी ठराविक काळ चालेल असं ठरलं असेल आणि पुरेशा कारणाशिवाय आधीच मोडली, तर भरपाई द्यावी लागते. कलम २०६: वाजवी आगाऊ सूचना द्यायला हवी, नाही तर त्याने झालेलं नुकसान भरून द्या.

ताकद आणि हक्क यांतला फरक आपल्या कायद्यात दीडशे वर्षांपासून सरळ भाषेत लिहून ठेवलाय. जुने फ्लॅट विकताना आपण कोथरूडला कागदच करत नाही, म्हणून तो आपल्याला कधी दिसत नाही. मात्र हल्ली पुण्या-मुंबईतही काही एजंट ‘फक्त आमच्याकडेच द्या’ म्हणून कागद पुढे करतात. तो पुढे आला तर तीन गोष्टी आधी शोधा: मुदत किती, मध्येच मागे घेतलं तर काय, आणि मुदत संपल्यावरही कोणत्या गिऱ्हाइकांवर त्यांचा दावा राहतो. हे विचारण्याची वेळ सही करण्याआधीची. तेव्हा सगळेच हसतमुख असतात, आणि मुदत सहावरून तीन महिन्यांवर आणणं नुसतं मागण्यासारखं सोपं असतं. मी मागितलंच नव्हतं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे तू शेवटी अडतीसशे डॉलर दिलेस?”

“हो.”

“आणि चहा?”

“तो त्यांनीच पाजला.”

“मग बरोबर आहे,” म्हणाले.

घर अजून आमचंच आहे. बाथरूमचा नळ आता खरोखरच गळायला लागलाय. आज शनिवार, त्याच्याकडे बघायला हवं.